ओल्या लोकरीचा वास

१

त्या पेढीत चव घ्यायची वेळ सकाळी अकराची. न्याहारी जिभेवरून उतरलेली असते, दुपारची भूक नुकती डोळे उघडत असते, आणि त्या मधल्या तासात माणसाचं नाक सगळ्यात तल्लख असतं, असं तिथलं तीन पिढ्यांचं म्हणणं. पेढीचा धंदा जुन्या कोन्याकचा, म्हणजे द्राक्षांच्या ब्रँडीचा. पिंपंच्या पिंपं विकत घ्यायची, तळघरात आणखी मुरू द्यायची आणि वेळ झाली की बाटल्यांत भरायची. वेळ झाली की नाही, हे एकच माणूस सांगायचा. एकतीस वर्षं तो शब्द त्यांचा होता. सगळे त्यांना नाकसाहेब म्हणत, पाठीमागे आणि तोंडावरही, आणि त्यांना ते मनातून आवडायचं.

नाकसाहेबांना गेले चार महिने कसलाही वास येत नव्हता.

एक साधा ताप आला, पाच दिवसांत उतरला, आणि जाताना नाक घेऊन गेला. घरी बायकोला माहीत होतं. पेढीत त्यांनी कोणाला सांगितलं नाही. जिभेला गोड, कडू आणि जळजळ एवढं कळत होतं. उरलेलं काम ते लेकीच्या चेहऱ्यावरून करायचे. लेक सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकत होती आणि चव घेताना टेबलाच्या पलीकडे समोरच बसायची. तिची उजवी भुवई चढली की फळाचा वास. ओठ मुडपले की लाकूड जास्त झालंय. डोळे मिटले की उत्तम. तिचा चेहरा वाचायचा, आठवणीतून दोन शब्द काढायचे आणि सही करायची. ज्याला आयुष्यभर खोटी कोन्याक नुसती हुंगून ओळखता आली, तो आता स्वतःच खोटा झाला होता, आणि कोणाला संशयही येत नव्हता याचंच त्यांना जास्त वाईट वाटायचं.

त्या मंगळवारी तळघरातून बुधला वर आला. वेताच्या टोपलीत बसवलेला, काचेचा, पोटाशी कवेत न मावणारा. बासष्ट वर्षांपूर्वीच्या एकाच हंगामाची कोन्याक, कशातही न मिसळलेली. अठ्ठेचाळीस वर्षं लाकडात काढून पुढे काचेत ठेवलेली, म्हणजे तिचं वय तिथेच थांबलं. मालकीणबाईंना ती या वर्षी बाटल्यांत हवी होती.

लेकीने दोन ग्लासांत अंगठ्याच्या पेराएवढी ओतली. पोट फुगीर, तोंड निमुळतं, असे ग्लास. मग अर्धा तास कोणी हात लावायचा नाही. इतकी वर्षं कोंडलेल्या वस्तूला श्वास घ्यायला वेळ द्यावा लागतो. खोली पांढरी, खिडकी उत्तरेची, टेबलाखाली दोन पिकदाण्या. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना ऐकू येत होता.

नाकसाहेबांनी सवयीने ग्लास आधी हनुवटीशी धरला. न हलवता. मग नाकाशी नेला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

वास आला.

चार महिन्यांनी पहिला वास. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला. होता, तसाच.

"सर?" लेक म्हणाली. कामावर ती त्यांना सर म्हणायची आणि अहो-जाहो करायची. बाबा आणि अरे-तुरे फाटकाबाहेर.

"लोकर," ते म्हणाले. "ओली लोकर. भिजलेल्या कोटाची असते तशी."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच्या ग्लासात नाक घातलं, जरा जास्तच वेळ. "असेल," ती म्हणाली. "मला जर्दाळू मिळतंय. अक्रोड. जुनं चामडं, आणि शेवटी मधाचं मेण."

तिने नोंदवहीत लिहायला घेतलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच नाकसाहेबांनी तिच्या भुवयांकडे पाहिलं नव्हतं.

२

घरी येताच ते सरळ स्वयंपाकघरात गेले. कॉफीचा डबा उघडून हुंगला. काही नाही. लसूण ठेचून नाकाशी धरला, व्हिनेगरची बाटली, साबणाची वडी. काही नाही.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"नाक."

"मिळालं?"

"थोडंसं. पण बहुतेक दुसऱ्या कोणाचं."

ती हसली, पण त्यांचा चेहरा बघून तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टर म्हणालेच होते ना, परत येणारं नाक आधी वाकडं येतं. फुलाला रॉकेलचा वास येईल, रॉकेलला फुलाचा. तेव्हा कोन्याकला लोकरीचा आला तर बिघडलं कुठे? सरळ होईल हळूहळू.

हे पटण्यासारखं होतं. ते जेवले, अंथरुणावर आडवे झाले. तरी एक गोष्ट खुपत राहिली. दारूचा वास वर येतो तो ऊब घेऊन येतो, नाकाच्या शेंड्याला आधी ऊब लागते. हा वास गार होता. बाहेरून आलेल्या माणसाच्या कपड्यांना असतो, तसा गार.

३

चांगल्या कोन्याकची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होते. रिकामा ग्लास न धुता रात्रभर ठेवायचा आणि सकाळी हुंगायचा. भुक्कड माल तोवर मेलेला असतो. उत्तम माल रिकाम्या काचेतूनही बोलतो. म्हणून बुधवारी नाकसाहेब लेक येण्याआधी तासभर पेढीत पोचले.

ग्लास टेबलावर होता. त्यांनी हुंगला. काहीच नाही, कोऱ्या काचेसारखा.

त्यांना वाईट वाटलं. मिळालेलं गेलं म्हणून ते खिडकीशी जायला निघाले, आणि तिसऱ्या पावलावर तो वास त्यांच्या तोंडावर आला.

त्यांनी आधी स्वतःची बाही हुंगली. मग पडदा. पडदा सुती होता. एक पाऊल मागे घेतलं, वास थांबला. पुढे झाले, आला. डावीकडे सरले, गेला. पुन्हा पुढे, आला. वास असा वागत नाही. तो पसरतो, पातळ होतो, वाऱ्यावर हलतो. या वासाला कडा होत्या. खोलीच्या मोकळ्या जागेत, खिडकीपासून हातभर अंतरावर, तो एका जागी होता. आणि ती जागा दोन वितींपेक्षा जास्त रुंद नव्हती.

नाकसाहेब घाबरले नाहीत, निदान आधी नाहीत. एकतीस वर्षं जे केलं तेच त्यांनी केलं. चव घेणारा माणूस वास थराथराने वाचतो. त्यांनी डोळे मिटले आणि गुडघे वाकवून खालून सुरुवात केली. जमिनीलगत ओलं चामडं, थोडी माती. गुडघ्यापासून वर लोकर, जड, पाणी प्यायलेली. ते सावकाश उभे राहत गेले. लोकर बराच वेळ लोकरच राहिली. खांद्याच्या उंचीला ती संपली. त्यांच्या कपाळाच्या उंचीला दुसरंच काही होतं: ओले केस, न पुसलेले.

मधला भाग राहिला होता. त्यांनी मान किंचित खाली केली.

जर्दाळू. अक्रोड. जुना मध, मेण, आणि त्याखाली तो अळंब्यांसारखा दमट, खोल वास जो फक्त फार जुन्या कोन्याकला येतो. तिचाच. पूर्ण, शुद्ध, आयुष्यात त्यांनी हुंगलेली सगळ्यात सुंदर. आणि हा गार नव्हता. उबदार होता. तो यायचा आणि थांबायचा, यायचा आणि थांबायचा, त्यांच्या तोंडासमोर, त्यांच्या तोंडाच्याच उंचीवर.

नाकसाहेबांनी डोळे उघडले. समोर खिडकी होती. खाली रस्त्यावर एक बाई छत्री मिटत होती.

ते मागे सरले आणि "माफ करा" म्हणाले. आपण हे कोणाला म्हणालो, याचा ते पुढे कितीतरी वेळ विचार करत राहिले.

४

तळघर बुधलेमामांच्या ताब्यात होतं. मामा कोणाचेच मामा नव्हते, पण पिंपांची आणि बुधल्यांची राखण करता करता सगळ्या पेढीचे मामा झाले होते. गुरुवारी त्यांनी नाकसाहेबांना खाली बोलावून घेतलं.

"साहेब, तुम्ही मंगळवारनंतर या बुधल्यातून काढली का?"

"नाही."

"मग हे बघा."

बुधल्याच्या काचेवर पातळीची कागदी पट्टी चिकटवलेली होती. मंगळवारी ग्लास भरल्यावर मामांनी ती नव्याने लावली होती, बूच बसवून वर मेण ओतलं होतं आणि मेणावर स्वतःचा अंगठा उमटवला होता. अंगठा जसाच्या तसा होता. कोन्याक पट्टीच्या दोन बोटं खाली होती.

"उडाली असेल," नाकसाहेब म्हणाले.

"लाकडातून उडते. काचेतून कशी उडेल? लाकूड पितं, काच पीत नाही. तुम्हीच शिकवलंत मला." मामांनी कान खाजवला. "लोक म्हणतील मामाने ढापली. या वयात ढापायची तर मी पचेल ती ढापेन. हिचा एक घोट पोटात गेला तर मला पुन्हा लग्न करावंसं वाटेल."

नाकसाहेबांना हसू आलं नाही. ते बुधल्याभोवती फिरले, खाली वाकले, भिंतीशी गेले. वास नव्हता. दगडाला दगडाचाही नव्हता. इथे नाही याचं त्यांना बरं वाटलं, आणि लगेच लक्षात आलं की इथे नाही म्हणजे वर आहे.

तळघराचा जिना अरुंद, एका वेळी एकाच माणसापुरता. ते अर्ध्यावर असताना लोकर आली. वरून आली, गार, आणि थांबली नाही. त्यांनी भिंतीला पाठ लावली, पोट आत ओढलं, जागा दिली. ओली माती, ओले केस, आणि कानाजवळून गेलेला तो उबदार मध. मग जिना पुन्हा बिनवासाचा झाला.

"काय झालं साहेब?" मामांनी खालून विचारलं. "कोणाला वाट देताय?"

"मामा, वर या. आत्ता. माझ्याबरोबर चहा घ्या."

मामा बडबडत वर आले. त्यांना काही झालं नाही. नाकसाहेबांनी त्यांना दोन कप चहा पाजला आणि दोन्ही वेळा साखर घालायला विसरले.

५

शुक्रवारी नोंदवहीत सही करायची होती. साडेदहाला लेक आली, तेव्हा नाकसाहेब खुर्ची दाराजवळ घेऊन बसले होते.

"सर, तुम्ही इथे का?"

"बस जरा. मला वास येत नाही."

"आज?"

"ताप आल्यापासून. चार महिने."

लेकीने पर्स टेबलावर ठेवली. "मला माहीत आहे, बाबा."

फाटकाच्या आत ती त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हणाली होती. ती सांगू लागली. मैत्रिणीकडच्या समारंभातून ती एकदा थेट कामावर आली होती, मानेला अत्तर तसंच. अत्तर लावून या खोलीत पाऊल टाकलं तर तिला घरी पाठवणारा हा माणूस त्या दिवशी तिच्या समोर तासभर बसला आणि काही बोलला नाही. "तेव्हाच कळलं. मग मी भुवया जरा जास्तच उंच न्यायला लागले, तुला दिसाव्यात म्हणून. डोकं दुखायचं रे संध्याकाळी."

नाकसाहेबांनी चेहरा हातांत घेतला. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त सुटल्यासारखं वाटलं. मग ते म्हणाले, "पण मंगळवारी आला. त्या ग्लासातून. आणि तेव्हापासून..." आणि त्यांनी खिडकीचं, जिन्याचं, सगळं सांगितलं. सांगताना ते स्वतःच ऐकत होते, आणि ऐकायला ते एका आजारी माणसाचं बोलणं वाटत होतं.

लेक हसली नाही. तिचा रंग उतरला होता.

"बाबा, मंगळवारी मला त्या ग्लासातून काहीच आलं नाही."

"म्हणजे?"

"काहीच नाही. पाण्यालासुद्धा थोडा असतो वास. मी तुझ्याकडे बघितलं तर तुझे डोळे भरलेले. मला वाटलं, याला येतोय आणि मलाच येत नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून मी जुन्या वहीतलं म्हटलं. बुधल्यात भरताना तू लिहिलेलं. जर्दाळू, अक्रोड, चामडं, मेण. तुझंच अक्षर."

"आणि जिभेला?"

"जळजळ. बाकी काही नाही."

बापाने लेकीचा चेहरा वाचला होता आणि लेकीने बापाची वही. बासष्ट वर्षांपूर्वीची कोन्याक दोघांच्या मध्ये होती आणि ती कोणालाच मिळाली नव्हती.

"मग तिच्यातलं सगळं गेलं कुठे?" लेकीने विचारलं.

नाकसाहेबांना ते कुठे गेलं हे माहीत होतं. त्याची उंचीही माहीत होती.

६

"दाखव मला," ती म्हणाली.

"नको."

"बाबा, तुझं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे मला कळायला हवं. तुलाही कळायला हवं."

ते उठले. टेबलाला वळसा घालून खिडकीकडे गेले, एक एक पाऊल टाकत, नाक पुढे करून. होता. आजही तिथेच, हातभर अंतरावर. ते मागे आले आणि त्यांनी बोट दाखवलं.

लेक जाऊन उभी राहिली. "इथे?"

"अर्धं पाऊल पुढे. थोडी डावीकडे."

सांगताना त्यांच्या मनात आलं की आपण हे का सांगतोय. पण तोवर ती सरकली होती. तिने डोळे मिटून चेहरा वर केला, वास घेतात तसा, आणि एक लांब श्वास आत घेतला.

"काही नाही," ती म्हणाली. "बाबा, इथे काही नाही."

नाकसाहेब पुढे झाले. तिच्या भोवती फिरले. खिडकी, पडदा, कोपरे, दार, बाहेरचा बोळ, जिन्याचं तोंड, सगळीकडे हुंगत गेले. नळ बंद करावा तसा तो वास बंद झाला होता. परत आले तेव्हा लेक अजून तिथेच उभी होती, डोळे मिटून.

"गेला," ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळे हसले.

मग त्यांनी जे करायला हवं होतं ते केलं. वहीत लिहिलं: वास नाही, चव नाही, बाटल्यांत भरू नये. दोघांनी सह्या केल्या. मालकीणबाईंना त्यांनी नाकाचं खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, आज घरी जा, सोमवारी बोलू. रागावल्या नव्हत्या. मामांनी बुधला खाली नेला.

गाडी लेक चालवत होती. दुपारचा एक वाजला होता, रस्त्यावर लख्ख ऊन होतं. तिने तिच्या बाजूची काच वर घेतली. थोड्या वेळाने हीटर लावला.

"बरी आहेस ना?"

"हो. जरा गार वाटतंय."

नाकसाहेबांनी मान मागे टेकली. सुटलो, असं मनात म्हणायला ते गेले आणि अर्ध्यात थांबले. चार दिवस जगात त्यांना एकच वास येत होता आणि तो कुठे आहे हे त्यांना पावलापावलाने कळत होतं. आता तो येत नव्हता. एवढंच कळलं होतं, की आता कळणार नाही.

त्यांनी मागच्या सीटकडे वळून पाहिलं. लेकीचा कोट होता, घडी घातलेला.

७

दार बायकोने उघडलं. भरल्या दुपारी दोघं एकदम घरी आलेली बघून तिला आश्चर्य वाटलं. नाकसाहेब आत शिरले, मागून लेक शिरली. बायको दार धरून उभीच राहिली. बाजूला सरून, हसऱ्या चेहऱ्याने, जरा जास्तच वेळ. मग तिने दार लोटलं.

"कोणाची वाट बघत होतीस?" नाकसाहेबांनी विचारलं.

"कोणाची नाही." तिच्या कपाळावर आठी आली. "का? मी कुठे वाट बघितली?"

त्यांनी पुन्हा दार उघडलं आणि ते उघडंच ठेवलं, सताड. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, राहू दे, जरा हवा येऊ दे. कोणाला जायचं असेल तर वाट मोकळी असावी, असं काहीसं त्यांच्या मनात होतं. पण ते शब्दांत आणायचा त्यांना धीर झाला नाही.

तिघं बाहेरच्या खोलीत बसले. बायकोने सूप गरम करून आणलं. नाकसाहेबांनी मालकीणबाईंचं सगळं सांगितलं, बायको म्हणाली, झालं ते बरं झालं, खोटं किती दिवस ओढायचं. लेक सोफ्याच्या एका टोकाला बसून वर्तमानपत्र वाचत होती. सोफा तिघांचा होता. ती अगदी सोफ्याच्या हाताला चिकटून, अंग चोरून बसली होती.

"मोकळी बस की," नाकसाहेब म्हणाले.

"बसलेय ना," ती वर न बघता म्हणाली.

त्यांनी श्वास आत घेतला. काही नाही. सूप नाही, घर नाही, काही नाही. पुन्हा घेतला.

थोड्या वेळाने बायको उठली. आतून शाल आणून तिने लेकीच्या मांडीवर टाकली आणि दाराकडे गेली.

"लावते आता दार. मघापासून थंडी वाजतेय त्यांना."

"कोणाला?"

बायकोचा हात कडीवर होता. ती वळली. सोफ्याकडे पाहिलं, मग नाकसाहेबांकडे. आपण या खोलीत कशाला आलो हे विसरलेल्या माणसासारखा तिचा चेहरा झाला होता.

"कोणाला म्हणजे," ती म्हणाली, आणि उत्तर त्यांच्याकडून यावं म्हणून थांबली.

लेकीने वर्तमानपत्राचं पान उलटलं. नजर अक्षरांवर तशीच ठेवून तिने शाल उलगडली, एक टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि दुसरं हात लांबवून बाजूला धरलं, शेजारच्या खांद्याच्या उंचीला. मग तिने हात काढून घेतला.

टोक खाली पडायला हवं होतं.